अक्काच्या दोन खोल्या आणि आम्ही चौघे

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला त्याच्या आदल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान, परभणीच्या रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात. करणारे चौघे होते. एक अर्जनवीस, एक वकील, आमचे मामा आणि मी.

नावं कुणाचीच लिहीत नाही. नावं लिहिली की वाचणारा म्हणतो, हां, तो माणूस तसलाच, आणि स्वतः मोकळा होतो. तसं मोकळं कुणाला होऊ द्यायचं नाही.

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न झालं होतं. नवरा पालमकडच्या एका गावात दुसरी बायको करून बसला होता आणि अक्काला त्यानं पोस्टकार्डानं कळवलं होतं की तू आता आलीस तरी चालेल, नाही आलीस तरी चालेल. ती गेली नाही. नर्सिंगचं शिकली, परभणीला नोकरीला लागली आणि मला गावाहून आणून हायस्कुलात घातलं. माझं पुढचं सगळं, म्हणजे कॉलेजची दोन वर्षं, मग कॉलेज सोडून कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या समितीत जाणं, पत्रकं लिहिणं, खेडोपाडी सायकलवर हिंडणं, हे तिच्या पगारावर झालं. मी चळवळीत होतो असं मी सांगत असे. चळवळीला जेवायला अक्का घालत होती.

आम्ही भाड्यानं राहायचो आणि दर वर्षा-दीड वर्षाला हाकलले जायचो. परभणीतल्या चांगल्या म्हणवणाऱ्या गल्ल्यांचे घरमालक मी जवळून पाहिले आहेत, म्हणून अधिकारानं सांगतो. पहिले एक पेन्शनर होते. निजामाविरुद्धच्या लढ्यात आपण काय काय केलं ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे, आणि खोली देण्याआधी पहिला प्रश्न विचारायचे, घरात पुरुष कोण? मी होतो. तेव्हा मला मिसरूड फुटत होतं, तरी ते त्यांना चाललं. चाललं नाही ते अक्काचं अवेळी येणं-जाणं. बाळंतपणं पंचांग बघून होत नाहीत हे त्यांना कुणी सांगावं? स्वतःच्या सुनेच्या वेळी मात्र अक्काच्या दाराची कडी पहाटे चारला वाजवली होती. नातू झाला, पेढे वाटले, आणि पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा म्हणून सांगितलं.

दुसऱ्याकडे आडाचं पाणी शेंदायला बंदी होती, कारण अक्का कुणाचीही बाळंतपणं करते, साऱ्या जातीत हात घालते. तिसऱ्यानं तर नर्सचे पांढरे कपडे अंगणात वाळत घालू नका म्हटलं. शोभत नाही. हा तिसरा गृहस्थ आमच्या समितीला वर्गणी देत असे आणि सभेत पहिल्या रांगेत बसत असे.

त्याच्याकडून निघायची वेळ आली तेव्हा अक्का म्हणाली, "आता भाड्याचं घर न्हाई. आपलं घ्यायचं."

आणि तिनं ते घर स्वतःच शोधलं. मी शोधलं असतं तर अजून शोधत असतो. ज्या मोहल्ल्यात तिला बाळंतपणासाठी बोलावणी यायची तिथंच, एका जुन्या दुमजली इमारतीत, माडीवरच्या दोन खोल्या आणि लाकडी सज्जा विकायला निघाला होता. इमारत वारसांमध्ये वाटून वाटून तिचे तुकडे झालेले. खाली तीन बिऱ्हाडं, वर दोन, मधे अंगणात एक नळ. वर माळवद, म्हणजे आपल्याकडचं मातीचं सपाट छत. जिन्याच्या दोन पायऱ्या कुजलेल्या होत्या, भिंतींचा चुना हात लावला की गळायचा आणि मागच्या खिडकीला एकच झडप होती. दुसरी कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरीही अक्कानं आत पाऊल टाकलं आणि सज्ज्यात जाऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत तसा तो मी पाहिला नव्हता.

मोहल्ला कसा होता? स्वर्ग नव्हता. पत्रकात लिहितात तसा एकात्मतेचा नमुनाही नव्हता. खाली बांगड्यांचा मनियार, त्याच्या शेजारी कलईवाला. समोर तेलुगू बोलणारं विणकराचं घर, दिवसभर मागाची खटखट. कोपऱ्यावर फाळणीनंतर आलेला सिंधी कापडवाला, तो प्रत्येकाशी त्याच्याच भाषेत बोलायचा आणि प्रत्येक भाषेत भाव करायचा. जिनिंगचा भोंगा झाला की कापसाचे तंतू केसात घेऊन बाया यायच्या. नळावर चार भाषांत भांडण व्हायचं आणि शिव्या मात्र साऱ्यांना कळायच्या. गटार उघडं. कोंबड्या जिन्यात. पण त्या मोहल्ल्यात अक्काला कुणी नवऱ्याचं विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, दवाखान्यात खोकल्याचं औषध आलं का, आणि आमच्या लेकीला सातवा चालू आहे तर कधी येऊन बघता.

समितीत मी ही बातमी सांगितली. मग वकीलसाहेब बोलले. हे आमच्या समितीचे पुढारी, भाषण असं करायचे की लोक विडी विझवून ऐकायचे. त्यांनी हळूच विचारलं, त्या मोहल्ल्यात? म्हणजे तिथं आपली माणसं किती आहेत? पोलीस ॲक्शन होऊन सात वर्षं झाली होती. हिंदू-मुसलमान एक आहेत हे वाक्य वकीलसाहेबांनी त्या सात वर्षांत किती व्यासपीठांवरून म्हटलं असेल ते मोजायला माणूस लागेल. ते वाक्य व्यासपीठावरून खाली उतरून माडीच्या जिन्यावर चढतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

विकणारी बाई म्हातारी होती. मोहल्ला तिला बडी बी म्हणायचा. नवरा वारलेला, मुलगा नाही. लेक हैद्राबादला दिलेली, तिची दोन बाळंतपणं अक्कानं परभणीत केली होती. आता जावई बडी बीला कायमचं न्यायला आला होता. घर दाखवताना ती अक्काचा हात धरून फिरली, प्रत्येक कोनाडा दाखवला, कुठलं पाणी कुठून गळतं ते आपण होऊन सांगितलं. विकणाऱ्यानं असं सांगितलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. खोल्या तिला आईकडून आलेल्या. तिनं पेटीतून जुना उर्दू कागद काढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ये मेरी माँ का नाम. फिर मेरा नाम. अब इस बच्ची का होना."

मी त्या वेळी हसलो होतो. पडद्यातली म्हातारी, तिला कागदातलं काय कळतं, असं माझ्या मनात आलं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते कुणाला काय कळत होतं त्यावरच झालं.

सोमवार ठरला, कारण दुपारच्या गाडीनं बडी बी आणि जावई जाणार होते. सामान स्टेशनावर पोचलं होतं. स्टँप विकत घेतलेला होता. पाथरीहून मामा मुद्दाम आले होते. व्यवहाराला घरातलं वडील माणूस हवं, हे त्यांचं म्हणणं. वकीलसाहेब समितीच्या नात्यानं, फी न घेता आले होते आणि ते त्यांनी दोनदा सांगितलं. बडी बी बुरख्यात, व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली. अक्का दवाखान्यातून सरळ आली होती, पांढरं लुगडं, हातात छत्री.

अर्जनवीस उतरत्या मेजासमोर मांडी घालून बसलेला. या माणसानं निजामाच्या अमदानीत उर्दूत खरेदीखतं लिहिली, आता मराठीत लिहायचा. भाषा बदलली, टाक तोच. त्यानं विकणारीचं नाव लिहिलं, चतुःसीमा लिहिल्या आणि घेणार कोण म्हणून वर पाहिलं. अक्कानं आपलं नाव सांगितलं. त्यानं पुढं लिहिलं, भ्रतार, आणि थांबला. म्हणजे आता नवऱ्याचं नाव सांगा.

अक्का म्हणाली, ते लिहायचं नाही. वडिलांचं नाव लिहा.

अर्जनवीस दयेनं हसला. लग्न झालेल्या बाईचं नाव बापाच्या नावानं लिहायची रीत नाही, म्हणाला. आतले रजिस्ट्रारसाहेब कागद तोंडावर फेकतील. आजवर त्यानं असं एकही खत लिहिलं नव्हतं.

अक्काला नवऱ्याचं नाव का नको होतं हे तिथं असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या माणसाचं नाव कागदावर एकदा चढलं की उद्या तो आपल्या दुसऱ्या बायकोला घेऊन जिना चढेल, आणि चढेलच, त्याचा स्वभाव मामांनाही माहीत होता, लग्न त्यांनीच जमवलेलं. म्हणून मामांनी तोड काढली. मामा कशावरही तोड काढत आणि ती नेहमी दुसऱ्याच्या अंगावर पडत असे.

"भावाच्या नावानं करून टाका," मामा म्हणाले. "भाऊ काय परका हाय का?"

वकीलसाहेबांनी ताबडतोब मान डोलावली. नाव ही केवळ तांत्रिक बाब आहे, म्हणाले. मालकी मनात असते. पुढं सावकाश बहिणीच्या नावावर करून देता येईल. त्यांनी "सावकाश" हा शब्द असा म्हटला की जणू तो कायद्यातलाच आहे.

आणि मी? मी त्या महिन्यात कुळांसाठी एक पत्रक लिहिलं होतं. तलाठ्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका, मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, पाहणीपत्रकात आपलं नाव आहे का ते स्वतः जाऊन बघा, नसेल तर जमीन तुमची नाही. येलदरीच्या बाजूच्या गावांतून मी ते सायकलवर हिंडून वाटलं होतं, चावडीवर उभं राहून वाचून दाखवलं होतं. एका म्हाताऱ्या कुळानं मला विचारलं होतं, मालक लय चांगला हाय, त्यानं शब्द दिलाय, तरी बघावं का? मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. शब्दाला काय चाटायचंय, असं मी म्हणालो होतो.

तोच मी व्हरांड्यात अक्काला म्हणालो, "महिन्याभरात करून देतो अक्का. शब्द देतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग स्टेशनाच्या दिशेनं बघितलं, बडी बीकडं बघितलं, जावई घड्याळ काढून उभा होता. ती म्हणाली, "लिहा."

अर्जनवीसानं माझं नाव, माझ्या बापाचं नाव लिहिलं. बापाचं नाव तेच होतं. जे अक्कापुढं लिहायची रीत नव्हती ते माझ्यापुढं एका दमात लिहून झालं. मग त्यानं खत मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकावरून बडी बीनं बुरख्याची जाळी वर केली आणि विचारलं, "इस बच्ची का नाम कां है?"

जावई ओशाळला, तिला गप्प बसायला सांगितलं, गाडीची वेळ झाली म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. अर्जनवीसानं सहीसाठी कागद पुढं सरकवला. सबंध व्हरांड्यात तो प्रश्न विचारणारी ती एकटी होती, आणि तिलाच आम्ही व्यासपीठावरून मागासलेली म्हणत होतो. तिनं उर्दूत आपली सही केली, अक्षर आम्हा चौघांपेक्षा नेटकं होतं.

इथं वकीलसाहेबांना माणुसकी सुचली. म्हणाले, बाईंना वाईट वाटायला नको, त्यांची सही साक्षीदार म्हणून घेऊ या. म्हणजे त्यांचंही नाव कागदावर आलंच की.

अक्कानं साक्षीदाराच्या जागी सही केली. स्वतःच्या पगारानं घेतलेलं घर भावानं घेतलं याला ती साक्षी झाली. मग छत्री उचलली आणि ड्युटीवर गेली. मामा म्हणाले, बघा, किती समजूतदार पोर आहे. वकीलसाहेबांनी चहा मागवला. मी प्यालो.

महिना गेला. मी दौऱ्यावर होतो. दुसरा गेला, राज्य पुनर्रचनेच्या सभा होत्या. प्रांताच्या सीमा कुठं असाव्यात यावर मी तास तास बोलत होतो. दोन खोल्यांच्या कागदासाठी एक सकाळ मोकळी होत नव्हती. अक्कानं तीनदा आठवण केली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तू साऱ्या जिल्ह्याला न्याव द्यायलास, आमचा नंबर कधी यायचा तेवढं सांग." मी हसण्यावारी नेलं. तिनं पुन्हा काढलं नाही. जिन्याच्या पायऱ्या बदलून घेतल्या, खिडकीला झडप बसवली, सज्ज्यात तुळस लावली. मोहल्ल्यात ती खोली नर्सबाईची खोली म्हणूनच ओळखली जात होती. कागदात काय लिहिलंय हे खाली कलईवाल्याला माहीत नव्हतं आणि मी सांगायला गेलो नव्हतो.

वर्ष उलटून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, मिरवणुका झाल्या. आणि मग मामांनी माझं लग्न काढलं.

मुलीचे वडील गंगाखेडच्या बाजूचे, बऱ्यापैकी जमीन असलेले. मुलाचं स्वतःचं घर आहे, परभणीत, माडीवर, हे मामांनी त्यांना सांगितलं होतं. माझ्यापाशी सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. ते घर बघायला आले. अक्कानं रजा काढली होती. आत चहा ठेवला, चुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर शेंगदाणे, कोथिंबीर. मुलीचे वडील बुटासकट खोल्यांतून फिरले. तुळयांवर काठीनं टकटक केलं. झडप उघडून बंद करून बघितली. सज्ज्यातून खाली पाहिलं, मनियाराचं दुकान पाहिलं, नाक आखडलं. वस्ती जरा मिसळ आहे, म्हणाले, पण विकून चांगल्या ठिकाणी घेता येईल. मामा हो म्हणाले. मग त्यांनी आतल्या खोलीकडं हनुवटी केली आणि मामांना विचारलं, "या बाई लग्नानंतर बी हितंच राहणार का?"

अक्का तेव्हा ताटल्या घेऊन दारात आली होती.

मामा म्हणाले, "त्यांची लावू की कुठंतरी सोय."

मी खुर्चीवर बसलो होतो. मला बोलता येतं. हजार माणसांपुढं कागदाशिवाय बोलतो. त्या वेळी माझ्या तोंडातून काहीही निघालं नाही, कारण मुलगी मला आवडली होती, कारण पाहुणे समोर होते, कारण नंतर सांगू असं वाटलं. कारणं लिहायला बसलो तर अजून सापडतील. सगळी तितकीच फुकट.

अक्कानं ताटल्या खाली ठेवल्या. पदरानं हात पुसले. "पाव्हण्यांनी खाऊन घ्यावं," म्हणाली. "मी दवाखान्यात चालले. जाताना कडी लावा, कोंबड्या आत येतात."

संध्याकाळी ती परतली ती पेटी न्यायला. नर्सांना राहायला दवाखान्याच्या आवारात एक खोली होती, तीन खाटांची, त्यातल्या एका खाटेवर ती जाणार होती. मी म्हणालो, अक्का, हे काय करायलीस. तिनं पेटीला कुलूप लावलं आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात लय दिवस राहिले मी. आता पुरे." खाली मनियाराच्या बायकोनं विचारलं, बाई कुठं चाललात? अक्कानं सांगितलं, हे घर माझ्या भावाचं आहे. मोहल्ल्याला ते तेव्हा कळलं. त्यानंतर त्या जिन्यावर मला कुणी सलाम केला नाही. कलईवाल्यानं माझं भांडं घेतलं नाही, काम लय आहे म्हणाला, आणि दिवसभर विडी ओढत बसला.

तीन दिवस मी त्या दोन खोल्यांत एकटा राहिलो. चौथ्या दिवशी अर्जनवीसाकडं गेलो आणि म्हणालो, बहिणीच्या नावावर करायचंय. तो म्हणाला, बक्षीसपत्र करा, सोपं आहे. लिहून ठेवलं. मी दवाखान्यात निरोप दिला, ती आली. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

अर्जनवीसानं वाचायला सुरुवात केली. मी, अमुक अमुक, माझ्या मालकीची मिळकत माझ्या वडील भगिनीस प्रेमापोटी व स्वसंतोषानं बक्षीस देत आहे.

"थांबा," अक्का म्हणाली. "बक्षीस कुणाचं? कुणाला?"

तो म्हणाला, बाई, लिहायची पद्धत असते.

"माझं घर मला बक्षीस घ्यायचं न्हाई. उद्या कुणी कागद वाचला तर म्हणंल, भाऊ लय मोठ्या मनाचा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "खरं काय झालं ते लिहायला येतं का तुला? पत्रकात तर लय लिहितोस."

वकीलसाहेब त्याच व्हरांड्यात दुसऱ्या अशिलाबरोबर होते, ते आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. निवडणूक आलेली, त्यांना तिकीट हवं होतं, मी त्यांचा पत्रकं लिहिणारा. बहिणीच्या पैशाचं घर आपल्या नावावर ठेवलं होतं अशी कबुली सही-शिक्क्यानिशी देणं समितीच्या दृष्टीनं बरं नाही, म्हणाले. विरोधक वापरतील. बक्षीसपत्र करा, उलट चार लोक कौतुक करतील. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी साक्षीदाराची जागा अक्काला कुणी सुचवली? ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात. त्यानंतर मी त्यांचं एकही पत्रक लिहिलं नाही. त्यांना काही फरक पडला नाही. लिहिणारे पुष्कळ मिळतात.

अर्जनवीसाला मी म्हणालो, मी सांगतो तसं लिहा. त्यानं कुरकुरत जुना शब्द काढला, लादावा. म्हणजे माझा दावा नाही. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. ही मिळकत माझ्या बहिणीनं स्वतःच्या पगारातून घेतली. घर तिनं शोधलं. माझं नाव तिच्या मनाविरुद्ध चढवलं गेलं. महिन्यात करून देण्याचा शब्द मी पाळला नाही. माझा या मिळकतीवर दावा नाही, कधीही नव्हता. पाच ओळी झाल्या. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तेवढा एकच मजकूर असेल ज्यात एकही विशेषण नव्हतं.

"बाईंचं नाव कसं लिहू?" अर्जनवीसानं विचारलं, आता माझ्याकडं न बघता.

"माझं नाव, माझ्या बापाचं नाव," अक्का म्हणाली. "पुढं लिहा, नर्स."

कागद घेऊन आम्ही आत साहेबांकडं गेलो. मी मनात सगळी भांडणं तयार ठेवली होती. कलमं पाठ केली होती. साहेबांनी कागद वाचला, अक्काला विचारलं, तुम्हीच का? ती हो म्हणाली. त्यांनी अंगठ्याचे ठसे घेतले, सही केली, शिक्का मारला आणि पुढचा कागद मागितला. वडिलांच्या नावाबद्दल एक शब्द नाही. मीच न राहवून विचारलं, लग्न झालेल्या बाईचं असं चालतं का? साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. न चालायला काय झालं, म्हणाले. आजवर कुणी आणलंच नाही.

म्हणजे दीड वर्षापूर्वी त्या व्हरांड्यातून दहा पावलं आत जाऊन कुणी विचारलं असतं तरी काम झालं असतं. चार पुरुष होतो. एकाचा धंदाच कागदाचा, एकाचा कायद्याचा, एक घरातला वडील, एक अन्यायाविरुद्ध लढणारा. चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की जाऊन विचारावं. आमच्या दृष्टीनं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते आम्हाला सोयीचं होतं.

घर मुलाचं नाही हे कळल्यावर लग्न मोडलं. मामांनी वर्षभर बोलणं टाकलं, तेवढी शांतता मिळाली. अक्का पेटी घेऊन परत आली. मला वाटलं होतं की ती मला क्षमा वगैरे करेल. तिनं मला खोली झाडायला लावली आणि म्हणाली, राहायचं तर राहा, पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून दे, गेल्या साली मीच टाकली होती. मी पाट्या वाहिल्या. खालून मनियार बघत होता. म्हणाला, नर्सबाईंनी माणूस बरा धरलाय कामाला. अख्खा मोहल्ला हसला.

तिनं मला माफ केलं की नाही मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. खत तिच्या पेटीत आहे.

हे वाचणाऱ्या पुरुषा, तू राहतोस ते घर कुणाच्या कष्टाचं आहे ते तुला माहीत आहे. बायकोचे दागिने मोडून घेतलंस, आईची जमीन विकून बांधलंस, बहिणीच्या पगारावर उभं केलंस. मनात तिचंच आहे असं मला सांगू नकोस, मी ते सांगून बसलो आहे. उद्या सकाळी खत काढ. ते तिच्यासमोर मोठ्यानं वाच, तुझ्या नावासकट. तिचं नाव त्यात नसेल तर त्याच दिवशी तिला बरोबर घेऊन रजिस्ट्री कचेरीत जा, आणि बक्षीस म्हणून लिहू नकोस. खरं लिही आणि खाली सही कर.